जुनी गाडी बघायला जाण्याआधी: तारे, गंज आणि एअरबॅगचा दिवा

मालकाकडून आरसी, विमा पॉलिसी आणि चेसिस नंबरचे फोटो आधीच मागवून घ्या. निम्मं काम घरबसल्या होतं.

आरसीवर उत्पादनाचा महिना बघा. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून, शेजारच्या सीटची 2021 च्या अखेरीस. त्याआधीच्या गाडीत सगळं व्हेरिएंटवर ठरतं. गाड्या ठोकळ्यावर आपटून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 साली भारतातली फोक्सवॅगन पोलो आपटून पाहिली, तेव्हा बिनएअरबॅगच्या गाडीला शून्य आणि दोन एअरबॅगवालीला चार तारे मिळाले. सांगाडा तोच. त्यामुळे डिकीवरच्या बॅजवर विसंबू नका, बॅज बाजारात सुटा मिळतो. स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा ठसा आहे का बघा.

तारे कुठल्या साली मिळाले तेही तपासा. जुलै 2022 पासून ग्लोबल एनकॅपचे नियम कडक झाले, बाजूच्या धडकेची चाचणी आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) धरली जाऊ लागली. म्हणून 2018 चे पाच तारे आणि 2023 चे पाच तारे एका तराजूत बसत नाहीत. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठ पोलिसांत नोंदलेल्या खऱ्या अपघातांवरून वापरलेल्या गाड्यांना गुण देतं, तेही चालकाचं वय, रस्त्याची वेगमर्यादा वगैरेंचा परिणाम वेगळा काढून. आपल्याकडे असा मॉडेलवार तक्ता निघत नाही, आणि तिथला इथे लावू नये, कारण नाव एक असलं तरी गाडी तीच असेल असं नाही. वजनाचा धडा मात्र घ्या. ठोकळ्यावरची चाचणी म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी धडक. रस्त्यावर हलकी गाडी जड गाडीवर आपटली की जास्त मार हलकीतल्या माणसांना बसतो, म्हणून ताऱ्यांची तुलना एकाच वजनाच्या गाड्यांत करा.

पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. पाच वर्षं दावा नसेल तर तो 50 टक्के असतो. पहिल्याच मालकाच्या सहा वर्षांच्या गाडीला शून्य असेल, तर दावा कशाचा होता ते विचारा. मालक बदललेला असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी आधी रेंट-अ-कॅब (भाड्याने स्वतः चालवायला दिली जाणारी) होती का, हेही आडपडदा न ठेवता विचारा. अशा गाडीची काळी नंबरपाटी पांढरी झाली की कुणी आपणहून सांगत नाही.

जाताना टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जुनी चादर न्या. भर उन्हात जा. ओल्या रंगावर पत्र्याच्या लाटा दिसत नाहीत. चुंबक धरत नाही तिथे पुट्टी आहे, किंवा भागच प्लास्टिकचा आहे. चादर अंथरून खाली वाका, कारण आपल्या गोव्यात खरी गोम तिथेच असते. चार महिने पाऊस आणि वर्षभर खारं वारं, त्यात दाराखालची पट्टी आणि फ्लोअर आतून कुजतात, वर नवा काळा रंग चकाकतो. समोरच्या धडकेचा जोर हेच भाग मागे वाहून नेतात. पेचकसाच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा, भद्द आला तर तारे विसरा.

चावी ऑन करा, इंजिन नको. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड. लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण बसवून दिवा काढलेला असू शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी शिवलेल्या लेबलवरचं साल गाडीच्या सालाशी जुळतं का बघा, मग झटका द्या, तो अडकायला हवा.

गाडी 2015 च्या आधीची असेल तर चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून एअरबॅगचा रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का तपासा. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. आपली हवा नेमकी तशीच. रिकॉलमधला भाग कंपनी फुकट बदलून देते. तो बदलल्याचा कागद हातात पडेपर्यंत टोकन देऊ नका.