संगणकीय निसर्गदृश्यात माणसाचा फोटो बसवताना या चुका टाळा

लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ यांसाठी संगणकावर उभारलेले डोंगर, तळी आणि पावसाळी आकाश वापरण्याची पद्धत खानदेशातही रुळू लागली आहे. त्रिमितीय दृश्ये उभारणारे ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळत असल्यामुळे सातपुड्याची एखादी रांग घरच्या संगणकावर उभी करणे आता अवघड राहिलेले नाही. मात्र त्या रांगेसमोर माणसाचा फोटो बसवला की तो बहुतेक वेळा वरून चिकटवल्यासारखा दिसतो. मग कटिंग नीट झाले नाही असे समजून कडा पुन्हा पुन्हा घासल्या जातात, परंतु दोष सहसा कडांमध्ये नसतोच. फोटो एका विशिष्ट उंचीवरून, विशिष्ट लेन्सने आणि विशिष्ट उन्हात काढलेला असतो. त्यातले काहीही नंतर बदलता येत नाही. दृश्य मात्र आपल्या हातात असते आणि ते हवे तसे बदलता येते. त्यामुळे आधी सुंदर दृश्य तयार करून त्यात माणूस कोंबण्याऐवजी, फोटो समोर ठेवून त्याच्या मापाने दृश्य उभारले पाहिजे. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

क्षितिज आणि कॅमेऱ्याची उंची

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक क्षितिजाची आहे. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर धरला असेल, तर १.७ मीटर उंचीच्या माणसाला ती रेषा हनुवटीजवळ छेदते, मग तो माणूस जवळ उभा असो वा दूर. छायाचित्रकाराने गुडघे टेकून ६५ सेंटिमीटरवरून फोटो काढला असेल, तर तीच रेषा मांडीच्या मध्यावर येते. आता असा गुडघे टेकून काढलेला फोटो डोळ्याच्या उंचीवरून रेंडर केलेल्या (म्हणजे संगणकाने चित्र म्हणून काढलेल्या) मैदानात ठेवला, तर माणूस तरंगत असल्यासारखा किंवा राक्षसी आकाराचा वाटतो आणि पाहणाऱ्याला त्याचे कारण सांगता येत नाही.

मूळ फोटोतील क्षितिज शोधण्यासाठी जमिनीला समांतर असलेल्या आणि एकमेकींनाही समांतर असलेल्या रेषा घ्याव्यात. ओट्याच्या कडा, फरशीचे सांधे किंवा सपाट शेतातील केळीच्या ओळी पुढे वाढवत नेल्या की त्या जिथे एकत्र येतात, तिथून क्षितिज जाते. या कामासाठी एफस्पाय हे मुक्त सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्याने शोधलेली कॅमेऱ्याची स्थिती ॲड-ऑनच्या मदतीने ब्लेंडरमध्ये आणता येते. इथे एक गल्लत टाळावी: यावल किंवा रावेरच्या बाजूने उत्तरेकडे पाहिले असता सातपुड्याची जी कड आकाशाला भिडलेली दिसते, ती क्षितिजरेषा नव्हे. खरे क्षितिज डोंगराच्या मागे झाकलेले असते आणि त्या कडेच्या बरेच खाली असते. कडेलाच क्षितिज मानून कॅमेरा बसवला, तर पुढची सगळी मांडणी चुकते.

लेन्सचेही तसेच आहे. ब्लेंडरमधील कॅमेरा सुरुवातीला ५० मिमी फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद दृश्य टिपते हे ठरवणारा आकडा) आणि ३६ मिमी रुंदीचा सेन्सर धरून चालतो, तर बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या कॅमेऱ्याच्या नोंदींत, हा आकडा मिळतो. मात्र तो आकडा सहसा सेन्सरच्या कर्णावरून काढलेला असल्यामुळे ४:३ प्रमाणाच्या मोबाइल फोटोसाठी सेन्सरची रुंदी ३६ ऐवजी सुमारे ३४.६ मिमी ठेवणे अधिक बरोबर ठरते. कॅमेरा जुळण्याआधी फोटो क्रॉप करू नये, कारण क्रॉप केल्यावर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. कॅमेरा जुळला की दृश्यात त्या माणसाच्या उंचीचा, उदाहरणार्थ १.७ मीटरचा, एक साधा ठोकळा ठेवून तो पुढे-मागे सरकवावा. ठोकळ्याचा पाया आणि माथा फोटोतील माणसाच्या पायाशी आणि डोक्याशी एकाच वेळी जुळले, तर मोजमाप बरोबर आहे असे खुशाल समजावे.

ऊन कुठून येते

प्रकाशाच्या बाबतीत खानदेशात काढलेल्या फोटोंची एक खास अडचण आहे. जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी काढलेल्या फोटोत सावली पायाखाली गोळा झालेली असते, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. लग्नसराईचे कितीतरी फोटो याच दिवसांतले असतात. असा फोटो तोरणमाळच्या सूर्यास्तासारख्या दृश्यात घालून वरून नारिंगी छटा दिली, तरी चेहऱ्यावरचे ऊन दुपारचेच राहते. रंग बदलता येतो, पण सावलीची दिशा बदलत नाही. अशा फोटोसाठी भर दुपारचेच दृश्य तयार करावे, नाहीतर सौम्य उन्हात नवा फोटो काढून घ्यावा. तिसरा प्रामाणिक मार्ग मला तरी माहीत नाही.

सूर्याची उंची मोजणे मात्र सोपे आहे. सपाट जमिनीवर सावली माणसाच्या उंचीइतकीच असेल, तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे. सावली सुमारे पावणेदोन पट असेल, तर ३० अंशांवर. आणि उंचीच्या निम्मी असेल, तर सुमारे ६३ अंशांवर. हा कोन ब्लेंडरच्या स्काय टेक्श्चरमध्ये, म्हणजे आकाश आणि ऊन तयार करणाऱ्या सोयीत, सूर्याच्या उंचीच्या जागी भरावा आणि दिशा नाकाच्या सावलीवरून फिरवून घ्यावी. फोटोत जमीन दिसतच नसेल, तर नाक, हनुवटी आणि कॉलर यांच्या सावल्या पाहाव्यात आणि डोळ्यांतील प्रकाशाचा ठिपका कुठे आहे तेही तपासावे. मांडवाखाली काढलेल्या फोटोत सावल्या जवळजवळ नसतात. त्याला ढगाळ आकाशाचे दृश्य शोभते, पण तिथेही मांडवाच्या लाल-गुलाबी कापडाची छटा गालांवर आणि पांढऱ्या सदऱ्यावर बसलेली असते आणि ती आधी काढावी लागते.

खालून परतणाऱ्या प्रकाशाकडे फारसे कोणी पाहत नाही. तापी खोऱ्यातील काळी जमीन प्रकाश शोषून घेते, त्यामुळे तिच्यावर उभ्या माणसाची हनुवटी, नाकाची खालची बाजू आणि टोपीच्या काठाखालचा भाग गडद राहतो. तोच माणूस वाळवंटात किंवा बर्फात दाखवायचा असेल, तर हे भाग उजळ दिसायला हवेत, कारण वाळू आणि विशेषतः बर्फ पुष्कळ प्रकाश वर फेकतात. केळीच्या बागेतल्या फोटोत हाच परिणाम हिरवा होऊन येतो. मोठ्या पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून उलटलेला प्रकाश कपाळाच्या कडेला, दंडावर आणि पांढऱ्या टोपीवर हिरवट झाक सोडतो. बागेत ती झाक स्वाभाविक वाटते, पण माणूस खडकाळ माथ्यावर नेला की त्वचा आजारी दिसू लागते. अशा वेळी संपूर्ण फोटोचा हिरवा रंग कमी करू नये, कारण त्यामुळे ओठ आणि कपडेही बिघडतात. फक्त कडेच्या त्या पट्ट्यांवर मास्क (बदल निवडलेल्या भागापुरताच ठेवणारा थर) लावून तिथलाच हिरवा उतरवावा.

या संदर्भात चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची आठवण होणे साहजिक आहे. घरातल्या साध्या वस्तूंमधून टेबलावर एखादे दृश्य रचून त्याचे छायाचित्र काढण्याच्या टेबल-टॉप शैलीसाठी ते प्रसिद्ध होते. अशा रचनेत सगळ्या वस्तूंवर एकाच ठिकाणचा प्रकाश पडतो आणि त्या सगळ्या एकाच कॅमेऱ्यातून पाहिल्या जातात, म्हणून डोळा ते दृश्य मान्य करतो. संगणकावर आपण फोटो एकीकडचा आणि जमीन दुसरीकडची घेतो. त्यामुळे ही एकवाक्यता आपल्याला मुद्दाम आणावी लागते.

पायाखालची जमीन आणि सावली

डोंगररांगा उभारण्यासाठी एसआरटीएम या अवकाशातून रडारने जमिनीची उंची मोजणाऱ्या मोहिमेची उंचीविषयक माहिती वापरली जाते. ती विनामूल्य मिळते आणि दूरच्या डोंगरांसाठी उत्तम आहे, पण तिच्यातील दोन बिंदूंमध्ये सुमारे ३० मीटरचे अंतर असते. म्हणजे माणूस जिथे उभा आहे, तिथल्या दगड-मातीची तिला काहीच कल्पना नसते. पायाजवळचा पाच-दहा मीटरचा भाग वेगळा तयार करून त्यात खडे, ढेकळे आणि गवत घालावे, आणि गवताच्या काही काड्या चपलांच्या समोर येतील अशा ठेवाव्यात.

सावलीसाठी बरेच जण फोटोचा कापलेला सपाट पडदाच दृश्यात उभा करतात. ऊन समोरून किंवा मागून असेल, तर हे चालून जाते; बाजूने असेल, तर पडद्याची सावली काठीसारखी बारीक पडते. त्याऐवजी माणसाच्या त्याच स्थितीतील एक ढोबळ त्रिमितीय पुतळा पायांच्या जागी उभा करावा आणि ब्लेंडरमधील सायकल्स या रेंडररमध्ये तो कॅमेऱ्याला दिसणार नाही, पण सावली पाडेल अशी व्यवस्था करावी. फोटोशॉपमध्ये हाताने सावली काढताना ती सगळीकडे सारखीच धूसर आणि एकजात काळी केली जाते, आणि दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे असते, म्हणून सावलीची कड दर मीटर अंतरामागे जवळपास नऊ मिलिमीटर पसरत जाते. टाचेजवळ ती धारदार असते, आणि ४५ अंशांच्या उन्हात डोक्याच्या सावलीची कड सुमारे दोन सेंटिमीटर विरघळलेली असते. सावलीत आकाशाचा प्रकाश पोहोचत असल्यामुळे निरभ्र दिवशी ती किंचित निळसर दिसते.

रंग, कडा आणि दाणा

ब्लेंडर ४.० पासून दृश्याला आपोआप एजीएक्स हे रंगरूपांतर लागू होते. मोबाइलने किंवा कॅमेऱ्याने आधीच संस्कार केलेला फोटो दृश्याच्या आत ठेवला, तर त्याच्यावर हे रूपांतर पुन्हा चढते आणि चेहरा राखेसारखा फिका पडतो. मग रंग भडक करून तो सुधारण्याचा प्रयत्न होतो आणि कातडी नारिंगी होते. पुतळ्याच्या सावलीसह दृश्य १६ बिटमध्ये रेंडर करून फोटो नंतर फोटोशॉपमध्ये किंवा गिंप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये वर ठेवला, तर हा प्रश्नच उरत नाही.

कडांना काळी किंवा पांढरी रेघ दिसत असेल, तर जुन्या पार्श्वभूमीचा रंग कडेत मिसळलेला आहे असे समजावे. मास्क एक-दोन पिक्सेल आत घेऊन कडेचा रंग आतल्या रंगाने भरावा. ओढणी आणि झिरझिरीत पदर यांच्यातून मागचा रंग दिसत असतो, म्हणून तेवढ्या भागासाठी अर्धपारदर्शक मास्क वेगळा करावा लागतो.

दूरचे डोंगर हवेमुळे फिकट आणि निळसर होतात, तर मे महिन्यातील धुळीने भुरकट. त्यांच्यातील सर्वांत गडद भाग माणसाच्या केसांइतका काळा असता कामा नये. हे तपासण्यासाठी चित्र तात्पुरते कृष्णधवल करावे. डोंगर पुढे धावून आल्यासारखे वाटले, तर दृश्यातील धुके वाढवावे.

शेवटी दाणा, म्हणजे चित्रातील बारीक ठिपक्यांची खरखर (नॉइज), पाहावा. रेंडर स्वच्छ असते आणि फोटोत नॉइज असतो, म्हणून फोटो गुळगुळीत करण्यापेक्षा रेंडरवर तसाच दाणा चढवावा आणि ते किंचित मऊ करावे. ग्राहकाने फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला असेल, तर तो दाबला जाऊन तपशील पुसले जातात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावा. फ्लेक्सच्या कामात मात्र दाण्यावर फार वेळ घालवू नये. चौकात लावलेला फ्लेक्स लांबून पाहिला जातो आणि तेवढ्या अंतरावरून दाणा दिसत नाही, पण उलट्या बाजूची सावली आणि चुकलेले क्षितिज दिसते. त्या कामात उरलेला वेळ या दोन गोष्टींना द्यावा.