गाळा घेताय? आधी पोरांची पॉलिसी काढा

पाटण तालुक्यातून मी नवी मुंबईत आलो त्याला पंचवीस वर्षं झाली. आता गावाकडून पोरं येतात, दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली फॅब्रिकेशन शिकतात आणि रबाळे, तुर्भे एमआयडीसीत भाड्यानं गाळा घेतात. डिपॉझिट किती, लाइटचा लोड किती, सगळं मला फोन करून विचारतात. कामगारांच्या विम्याचं मात्र अजून एकानंही विचारलेलं नाही.

कारण मला ठाऊक आहे. हाताखालची चार पोरं गावचीच असतात, त्यात एखादा चुलतभाऊ. ‘घरचाच आहे, काही झालं तर बघून घेऊ.’ मीही हेच म्हणायचो. महाप्यात एका शेडवर आमच्या पोरानं सिमेंटच्या पत्र्यावर पाय दिला आणि पत्रा फुटून तो खाली आला. जिवानिशी वाचला, पण उजवा हात कायमचा अधू झाला. पॉलिसी नव्हती. ऑपरेशन आणि भरपाईसाठी गावची अकरा गुंठे जमीन विकली. जमिनीचं काही वाटत नाही आता. जत्रेत त्याची आई समोर आली की आजही मान वर होत नाही.

आता कायद्याचं. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, त्यातल्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. विमा काढायची सक्ती सरसकट नाही, म्हणून लोक टाळतात. पण कामावर अपघात झाला की भरपाई मालकानंच द्यायची, विमा असो वा नसो. चूक कुणाची, हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. ‘पट्टा बांधला नव्हता’, ‘पिऊन आला होता’ या सबबी मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाहीत. ‘माझ्या जबाबदारीवर काम करतो’ असं लिहून घेतलेल्या कागदालाही किंमत नाही.

रक्कम किती होते ते एकदा मांडून बघा. मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्त असला तरी हिशेबाला महिना १५,००० धरतात. ही मर्यादा २०२० पासूनची. पंचविशीतल्या पोराचा आकडा २१६.९१. म्हणजे ७,५०० गुणिले २१६.९१, झाले १६,२६,८२५ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, पॉलिसी असली तरी. थकलेली रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते, म्हणजे गावच्या सातबाऱ्यापर्यंत गोष्ट जाते.

गावात बैठक बसवून दोन-तीन लाखांत मिटवतात, ते तर सगळ्यात घातक. मृत्यूच्या प्रकरणातली भरपाई सरकारी प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. जुने लोक त्याला कमिशनर म्हणतात. घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. पुढे त्या विधवेनं दावा लावला तर पुन्हा भरावी लागते, आणि तिनं लावावाच. तो तिचा हक्क आहे.

मोठ्या कंपनीचं काम ठेक्यानं घेतलं असेल तर गेटपासलाच डब्ल्यूसी पॉलिसीची, म्हणजे कामगारांच्या याच भरपाईच्या विम्याची, प्रत मागतात, कारण ठेकेदाराच्या माणसाची भरपाई आधी कंपनीच्याही गळ्यात येते. तेव्हा काही जण मित्राची पॉलिसी दाखवून आत शिरतात. असं करू नका. पॉलिसी तुमच्या नावाची हवी आणि त्यात माणसं, पगार, काम खरं लिहिलेलं हवं. आठ जण उंचीवर चढवायचे आणि कागदावर तीन हेल्पर, तर क्लेम अडकणारच. दवाखान्याचा खर्चही मालकाकडे असतो, पण साध्या पॉलिसीत तो बहुधा नसतो. एजंटाला सांगून मेडिकलचं कव्हर जोडून घ्या.

माणसं दहा झाली की ईएसआयसीची, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेची, नोंदणी. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांसाठी पगाराच्या तुमचे ३.२५ टक्के, त्यांचे ०.७५. पगारातून कापून भरले नाहीत तर तुरुंगवासाची तरतूद आहे.

हजेरीवही रोज भरा, पगार बँकेतून द्या. आणि पॉलिसी वर्षाचीच असते हे ध्यानात ठेवा. चैत्रात जत्रेला निघायच्या गडबडीत ती संपून जाते आणि पोरं परत येऊन सोमवारी पत्र्यावर चढतात. गाडीचं तिकीट काढायच्या आधी रिन्यू करा.