पक्ष्यांचा डीएनए स्वॅब घरी कसा घ्यायचा, खासकरून आपल्या गोव्याच्या पावसात

सन कन्युअर नाहीतर लव्हबर्ड या छोट्या परदेशी पोपटांची ‘कन्फर्म जोडी’ म्हणून घेतलेली दोन पाखरं एकमेकांना भरवतात, पिसं साफ करून देतात, सगळं कसं छान चाललेलं असतं आणि मग डब्यात नेहमीच्या दुप्पट अंडी येतात पण पिल्लू एकातूनही निघत नाही, तर समजायचं दोन्ही माद्या आहेत. या जातींत नर-मादी दिसायला सारखेच. कंबरेचं हाड चाचपून सांगणारे जुनेजाणते आहेत, पण तो शेवटी अंदाज. म्हणून तोंडातून स्वॅब (कापसाचं टोक असलेल्या काडीने घासून घेतलेला नमुना) घेऊन डीएनएवरून नर-मादी ओळखायची चाचणी.

पक्ष्यांचं गुणसूत्रांचं गणित माणसाच्या उलट असतं, नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू. लॅबमध्ये सीएचडी१ नावाच्या जीनचा तुकडा पीसीआरने (डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) वाढवून बघतात, साधारणपणे एकच पट्टी दिसली तर नर, दोन दिसल्या तर मादी. आता यातली गोम बघा, नराच्या स्वॅबमध्ये कुठल्यातरी मादीचा थोडासा अंश मिसळला तरी दोन पट्ट्या येऊ शकतात, म्हणजे नराची झाली मादी. आणि स्वॅब ओला राहून सडला, डीएनए कमी पडला, तर कधीकधी डब्ल्यूची पट्टी उठतच नाही आणि मादीचा होतो नर. रिपोर्ट चुकला की सगळे लॅबला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा पिंजरा ते पाकीट एवढ्या प्रवासातच घोळ झालेला असतो.

म्हणून आईबापांकडूनच भरवून घेणाऱ्या पिल्लाचा तोंडातला स्वॅब घेऊच नका. आई पोटातलं दाणं वर काढून भरवते, त्यासोबत तिच्या पेशी पण पिल्लाच्या तोंडात जातात. अशा पिल्लाची छातीवरची चार-पाच पिसं उपटून पाठवलेली बरी (गळून खाली पडलेलं पीस चालत नाही, मुळाशी पेशी हव्यात, आणि दांडीत रक्त दिसणारं कोवळं पीस उपटायचं नाही). हॅन्डफीडवालं, म्हणजे आपण हाताने भरवतो ते पिल्लू असेल तर आधी वेगळं करून ठेवा आणि फॉर्म्युला (पिल्लांचं पातळ खाणं) दिल्यावर क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, रिकामा होईपर्यंत थांबा, भरल्या क्रॉपवर पकडलं तर उलटून श्वासनलिकेत जायची भीती असते. मोठ्या पक्ष्यालाही तासभर आधी दाणापाणी काढून ठेवलं की बास.

स्वॅब प्लॅस्टिकच्या दांडीचा, सीलबंद, स्टराइल घ्यायचा. मेडिकलमध्ये मिळतो. कान साफ करायचे बड्स अजिबात नको.

काम दोघांचं आहे. एकाने छोट्या टॉवेलमध्ये पक्षी धरायचा, अंगठा आणि पहिलं बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना, छाती मोकळी. हे मी परत सांगतो, छाती दाबायची नाही, पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते, घट्ट आवळलं तर हातातल्या हातात गुदमरतो. दुसऱ्याने हातमोजे घालून स्वॅब उघडायचा, टोकाला कुठेही हात लागू द्यायचा नाही. पक्षी चावायला तोंड उघडतोच, तेव्हा चोचीच्या बाजूने आत घालून गालाच्या आतल्या बाजूला आणि जिभेखाली दहा-पंधरा सेकंद दांडी फिरवत हलकेच घासायचं. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं भोक असतं, तिकडे जायचं नाही. बाहेर काढल्यावर टोक फक्त ओलसर दिसलं पाहिजे, दाण्याचा भुसा किंवा फॉर्म्युला चिकटलेला दिसला तर फेकून नवीन घ्या. आफ्रिकन ग्रे, मकाव वगैरे मोठा पोपट असेल तर घरी हिरोगिरी नको, एका चाव्यात टोक तुटून घशात जाऊ शकतं, सरळ व्हेटकडे न्या. पुढच्या पक्ष्याला नवीन हातमोजे, टॉवेलही दुसरा.

आता सुकवणं, इथेच आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळ्यांची वाट लागते. कपड्यांचा चिमटा टेबलाच्या कडेला ठेवायचा, त्यात दांडी अडकवून टोक हवेत बाहेर राहील असं करायचं, वर पंखा, एसीची खोली असेल तर उत्तमच. कमीत कमी तासभर. उन्हात ठेवायचं नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. आणि मुंग्यांवर लक्ष ठेवा. जोराचा पाऊस असेल तर दुप्पट वेळ द्या, बोटाने दाबून बघायचा मोह मात्र टाळा. (लॅबने लिक्विड भरलेली ट्यूब दिली असेल तर सुकवायचं नाही, त्यांच्या कागदावर लिहिलंय तसंच करायचं.)

सुकल्यावर कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या झिपबॅगमध्ये थेट टाकला तर दमट हवेत बुरशी धरते आणि ती बुरशी नि बॅक्टेरिया डीएनए खाऊन टाकतात. कागदी पाकीट बंद करून मग बाहेरून झिपबॅग आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं चालतं. पाकिटावर पायातल्या रिंगचा नंबर, जात, तारीख आधीच लिहून ठेवा, पक्षी हातात असताना पेन शोधत बसू नका.

कुरियर सोमवारी-मंगळवारी टाकायचं, शुक्रवारी टाकलं की रविवारभर गोदामात पडून राहतं. चवथीच्या आठवड्यात तर पाठवूच नका.

अजून एक, हे सगळं परदेशी जातींसाठी आहे. आपला रानातला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि परदेशी पक्षी सायटिसच्या (धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती झालेली आहे का बघा.

एका पक्ष्याचे दोन स्वॅब घ्या, एक पाठवा, दुसरा तसाच सुकवून पाकिटात घालून कपाटात ठेवा, लॅबने ‘सॅम्पल फेल’ कळवलं तर पाखराला परत पकडायला नको.