नवी मुंबईत गिझर घेण्याआधी घराची लाइन तपासा

सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा त्याही पलीकडून नोकरीनिमित्त नवी मुंबईत आलेली आपली माणसे पहिल्या काही महिन्यांत ज्या मोठ्या वस्तू घेतात, त्यांत गिझर हमखास असतो. गावी पाणी बंबात किंवा चुलीवर तापत असल्यामुळे गिझर म्हणजे पंख्यासारखी आणून टांगायची वस्तू, असा अनेकांचा समज असतो. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत मी वर्षानुवर्षे एकच क्रम पाहत आलो आहे: दिवाळीच्या सवलतीत गिझर घेतला जातो, तो खोक्यातच पडून राहतो, मग वायरमन येऊन सांगतो की बाथरूममध्ये गिझरचा पॉइंटच नाही, आणि घरमालक किंवा सोसायटी फरशी फोडू देत नाही. म्हणून प्रथम विजेची लाइन, मग भिंत, मग पाण्याचा दाब आणि सर्वांत शेवटी दुकान, हा क्रम सोडू नका.

खर्चाचा साधारण अंदाज असा. पंधरा लिटरचा साठवणीचा गिझर बहुधा ६ ते १० हजार रुपयांत मिळतो आणि तीन लिटरचा इन्स्टंट गिझर त्याच्या निम्म्यात येतो. कंपनीचा माणूस ‘मोफत’ बसवून देतो, परंतु दोन कनेक्शन पाइप, अँगल कॉक आणि बोल्ट यांचे पैसे वेगळे घेतो. त्यासाठी हजारभर रुपये बाजूला ठेवावेत. खरा फरक पडतो तो लाइनमुळे. पॉइंट तयार असेल तर खर्च इथेच संपतो. तो नसेल आणि मुख्य बोर्डापासून बाथरूमपर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारे बटण) आणि सॉकेट घ्यावे लागले, तर अंतरानुसार आणखी तीन-चार हजार रुपये सहज जातात. केसिंग पट्टीतून वायर नेली तर भिंत वाचते. दिसायला ती बरी नसते, पण भाड्याच्या घरात तोच मार्ग शहाणपणाचा आहे.

गिझरचा आकार निवडताना आपल्याकडची थंडी मनातून काढून टाकावी. इथल्या जानेवारीला महाबळेश्वरच्या पायथ्याचा माणूस थंडी म्हणणार नाही. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २,००० वॅटच्या गिझरला सुमारे वीस मिनिटे आणि ०.६ युनिटच्या आसपास वीज लागते. त्यात थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे सुमारे ३५ लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या पाणी तयार होते. चौघांच्या घरात एकेकाने वीस मिनिटांच्या अंतराने आंघोळ केली तर पंचवीस लिटरच्या गिझरची गरजच पडत नाही. गिझरवर आयएसआय चिन्ह आणि ऊर्जाबचतीचे तारे आहेत का, एवढे मात्र पाहून घ्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहीत आहे, तिच्याकडे येतो. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर, तीन हजार वॅटचा १३ आणि साडेचार हजार वॅटचा जवळजवळ २० अँपिअर करंट घेतो. बाथरूममधल्या दिव्याची किंवा एक्झॉस्ट पंख्याची बारीक वायर हा भार सहन करण्यासाठी घातलेलीच नसते, तरीही अनेक घरांत तिच्यातूनच गिझरची जोडणी काढलेली दिसते. वायर आत तापत राहते, इन्सुलेशन कडक होऊन तडकते, आणि हे सगळे प्लास्टरच्या आत चालल्याने कुणाला दिसत नाही. साडेचार हजार वॅटचा इन्स्टंट गिझर तर १६ अँपिअरच्या सॉकेटलाही लावू नये. त्याला थेट जोडणी आणि वेगळा एमसीबी लागतो.

याहून गंभीर प्रश्न अर्थिंगचा आहे. सिडकोच्या जुन्या घरांत आणि विशेषतः बैठ्या घरांवर मागाहून चढवलेल्या मजल्यांत तिसऱ्या पिनेमागे वायर असतेच असे नाही. अशा वेळी काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना एका तुकड्याने जोडून ठेवतात. टेस्टलॅम्प लावला तर दिवा छान पेटतो, ग्राहकाचे समाधान होते आणि वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे कधी त्या लाइनचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर गिझरचा संपूर्ण पत्रा २३० व्होल्टवर येतो, आणि ओल्या पायांनी उभा असलेला माणूस नळाला हात लावतो. म्हणून बोर्ड उघडायला लावून अर्थची वायर कुठे जाते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दिवा पेटतो हा पुरावा मानू नका. ती वायर मीटरजवळच्या अर्थपर्यंत पोहोचत असली पाहिजे, आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, असला पाहिजे. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे तपासावे. अर्थिंग नसेल तर ते करून घेईपर्यंत गिझर बसवूच नका. आपल्या लोकांना गावाकडचा ओळखीचा वायरमन परक्या पण परवानाधारक माणसापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. आपुलकी म्हणून हे ठीक आहे, पण गिझरच्या बाबतीत हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

लहान घरांच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’, म्हणजे एका वेळी वापरायला परवानगी असलेली वीज, फार कमी लिहिलेला असतो, त्यामुळे गिझर घेण्यापूर्वी तो पाहून गरज असल्यास महावितरणकडे वाढवून घ्यावा.

भिंतीबाबत थोडक्यात सांगतो. पंचवीस लिटरचा भरलेला गिझर पस्तीस-चाळीस किलोपर्यंत जातो. नव्या टॉवरमधल्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे प्लग हळूहळू सैल होतात. तिथे त्या ब्लॉकसाठीचेच अँकर वापरावेत. पूर्ण काँक्रीटच्या भिंतीत बोल्ट घट्ट बसतो, पण आतून गेलेल्या पाइपाचा आणि वायरचा मार्ग विचारल्याशिवाय ड्रिल लावू नये.

पाण्याच्या दाबाविषयी नेमका उलटा समज आढळतो. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर सर्वांत जास्त दाब खालच्या मजल्यांवर असतो. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार (बार हे दाबाचे माप) दाब वाढतो, त्यामुळे वीस मजल्यांच्या इमारतीत तळाशी सहा बारच्या आसपास दाब येऊ शकतो, जर सोसायटीने मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले नसतील तर. अशा घरांनी आठ बार क्षमतेचा गिझर घ्यावा. याउलट, कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत टाकी अगदी डोक्यावर असते आणि दाब इतका कमी असतो की काही इन्स्टंट गिझर नीट चालतच नाहीत. तिथे साठवणीचाच गिझर घ्यावा. थंड पाण्याच्या बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात. ते पडलेच पाहिजेत. ‘गळती’ म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करणारा प्लंबर आला तर त्याला थांबवा, आणि त्या थेंबांसाठी एक बारीक नळी खाली सोडा. गरम पाण्याच्या बाजूला साधा पांढरा यूपीव्हीसी पाइप चालत नाही, तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच हवा. पहिल्यांदा चालू करताना गरम नळ उघडून त्यातून सलग पाणी येईपर्यंत बटण दाबू नये, अन्यथा कॉइल कोरडीच तापते.

महानगर गॅसची जोडणी असलेल्यांना गॅस गिझर स्वस्त वाटतो. तो वापरायचाच असेल तर पाइप गॅससाठी बनवलेला घ्यावा, सिलिंडरचा नव्हे, आणि तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद बाथरूममध्ये तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. ‘खिडकी उघडी ठेवू’ हे उत्तर मला मान्य नाही, कारण डिसेंबरात ती खिडकी कुणीच उघडी ठेवत नाही. बादलीत सोडायच्या रॉडबद्दलही माझे मत असेच आहे: लहान मुले असलेल्या घरात तो आणूच नये.

अनेक नव्या इमारतींत गच्चीवर सोलरचे गरम पाणी असते, पण ते बऱ्याचदा एकाच बाथरूममध्ये आणि सकाळीच येते. घर बघतानाच हे विचारून घ्या. सोसायटीचे सचिव कामाच्या वेळा, परवानगीचा अर्ज आणि अनामत यांबाबत कडक असतात. वाद न घालता अर्ज द्यावा, काम लवकर होते.

भाडेकरूंनी लाइनचा खर्च कोण करणार आणि घर सोडताना गिझर कोणाचा, हे अकरा महिन्यांच्या करारातच लिहून घ्यावे. आपण घातलेली वायर आणि एमसीबी मागे ठेवून जावे लागते, त्यामुळे किमान तेवढी रक्कम भाड्यातून वळती करून देण्याची अट घरमालकाकडून आधीच मान्य करून घ्यावी. काम झाल्यावर ही मागणी केली तर बहुतेक घरमालक ती मान्य करत नाहीत.