रात्री गरवायला निघण्याआधी

रात्रभर पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, बसून गरवायचं (गळाने मासे धरायचे) असेल तर पिशवीत सगळ्यात आधी पक्कड टाका. रॉड, रीळ, गळ, आमिष कुणी विसरत नाही, त्यांच्याबद्दल लिहीत बसत नाही. पक्कड राहून जाते. मागच्या खेपेला माझी घरी टेबलावरच राहिली, कारण संध्याकाळी गाठी आवळायला तीच हातात होती. रात्री दीडच्या सुमाराला शिंगाळा लागला, गळ पार घशाशी रुतलेला. म्हटलं, बोटांनी काढू. त्याने अंग झटकलं आणि कल्ल्यामागचा काटा माझ्या तळहातात गेला. शिंगाळ्याला असे तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. मासा बिथरला की ते ताठ होतात आणि तसेच अडकून बसतात. काट्याची कड करवतीसारखी, त्यामुळे आत जाताना लागतो त्याहून बाहेर येताना जास्त फाडतो, आणि वरच्या पातळ सालीत विष असतं. हात कोपरापर्यंत ठणकत होता. तो मासा मला परत सोडायचा होता. माझ्या हाताचं बघेपर्यंत तो वाळूत तडफडून मेला.

म्हणून पक्कड. लांब चोचीची, आणि तार तोडायची धार असलेली. धार कशाला, तर मोठा गळ स्वतःच्या बोटात उलट्या काट्यापर्यंत घुसला तर तो उपसता येत नाही. दोर आणि बाहेरचा भाग तोडून डॉक्टरकडे जावं लागतं. घरी एखादा जुना गळ तोडून पाहा. तुटला नाही तर दुसरी पक्कड घ्या. आणि ती पिशवीत मोकळी ठेवू नका, दोरी लावून कमरेला बांधा. रात्री वाळूत पडलेली वस्तू गेली असंच समजायचं.

सोबत थर्मासमध्ये गरम पाणी. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाच्या (वाळूत दडून बसणारा चपटा मासा) शेपटीतला विषारी काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने ते विष निकामी होत जातं, वेदना उतरते. पाणी किती गरम आहे ते दुखऱ्या हाताने नाही, चांगल्या हाताने बघा. त्यानंतर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

आता भरतीचं. वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघूच नका. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या आठवड्यातल्या आठवणीवर हिशेब करू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त वर येतं आणि जोरात येतं. अष्टमीच्या सुमारास भांग, पाण्याची हालचाल कमी. भरती सगळे सहा तास सारखी चढत नाही. मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस रॉडच्या टोकाकडे बघत बसलेला असतो. सामान आदल्या भरतीच्या ओल्या रेषेच्या बरंच वर ठेवा. मागे खडक किंवा खाडीचं तोंड असेल तर परतायची वाट पाण्याखाली कधी जाते ते आधीच ठरवा.

त्यासाठी त्याच दिवशी ओहोटीला, उजेडात, किनारा एकदा चालून या. हे काम लोक टाळतात, आणि रात्रभर सपाट उथळ वाळूवर आमिष टाकत राहतात. उघड्या पडलेल्या वाळूत किनाऱ्याला समांतर खोलगट पाट दिसतो. मासे भरतीबरोबर त्यातूनच फिरतात. पाणी आल्यावर खूण अशी, की लाट आधी फुटते, मग मध्येच शांत होते आणि काठाशी पुन्हा फुटते. तो मधला पट्टा तुमचा. लांब फेकायचा सोस सोडा, रात्री मासा काठाजवळ येतो. जिथे लाट न फुटता पाणी समुद्राकडे ओढ घेतं तिथे पाय घालू नका. बाकी उथळात उतरावंच लागलं तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट सरकतं.

दोराबद्दल एकच. शिसं (दोराला लावलेलं वजन) फेकताना सगळा झटका दोरावर येतो, म्हणून पुढे जाड तंगूस (नायलॉनचा दोर) जोडा: 150 ग्रॅम शिशाला सुमारे 50 पौंड ताण सोसणारा, लांबी रॉडच्या दुप्पट अधिक रिळावर पाच-सहा वेढे. बारीक दोर तुटला तर ते शिसं अंधारात कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. रॉड रोवून ठेवताना ड्रॅग (रिळातून दोर सुटण्याला असलेली अडवणूक) सैल करा, नाहीतर मोठा मासा रॉडसकट नेतो.

दिवे दोन, कपाळावरचा आणि एक जादा, दोन्हींच्या बॅटऱ्या नव्या. लाल उजेड वापरा. पांढरा एकदा डोळ्यात गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. पाण्यावर झोत मारू नका. पक्कड कमरेला आहे का, चाचपून बघा. गाडीतून उतरताना बघा, पहिला गळ टाकण्याआधी पुन्हा बघा.

एकटे जाऊ नका. जायचंच असेल तर कुठे बसणार आणि किती वाजता परतणार ते घरी सांगा. विजेचा गडगडाट ऐकू आला की रॉड खाली टाका आणि गाडीत जा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

मासा लागला की ओले हात, पक्कड, गळ सोडवा, पाण्यात. घशात गेला असेल तर ओढू नका, तोंडाशी दोर कापा.

पहाटे आवरताना तोडलेले दोर मोजून उचला, पक्ष्यांच्या पायात अडकतात. गळ डबीत. घरी गेल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराच्या धारेने मीठ आत जातं. पक्कडही धुवा, पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा आणि पिशवीला बांधून टाका. टेबलावर ठेवू नका. गाठी आवळायला दुसरी घ्या.