चहाच्या काढ्यातले नॅनो-लोह आणि भूजलातले क्रोमियम : या चुका टाळा

तामिळनाडूतले राणीपेट असो वा उत्तर प्रदेशातल्या कानपूर देहातातले रानिया, कारखान्यांचा क्रोमेटचा (क्रोमियमयुक्त) गाळ उघड्यावर पडला की हेक्साव्हॅलंट क्रोमियम (सहा-संयुजी, विषारी आणि पाण्यात विरघळणारे रूप) विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. चहाच्या काढ्याने लोहाचे अतिसूक्ष्म (नॅनो) कण बनवायचे आणि त्यांनी हे क्रोमियम ट्रायव्हॅलंट (तीन-संयुजी) रूपात आणून गाळात बसवायचे, यासाठी सर्रास होणारा प्रयोग असा : लिटरभर पाण्यात २० ग्रॅम ग्रीन टी, ८० अंशांवर तासभर, मग गाळलेल्या दोन भाग काढ्यात एक भाग ०.१ मोलर फेरिक क्लोराइड (हेक्साहायड्रेट, लिटरला २७ ग्रॅम). मिश्रण क्षणात काळे होते.

पहिली चूक इथेच. काळे झाले म्हणजे शून्य-संयुजी (धातुरूप) लोह तयार झाले, असे नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र केल्यावर शाई होते, तोच हा रंग : लोह-पॉलिफेनॉल संयुगाचा. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन चाचणीत, कॉपर के-अल्फा किरण वापरून) ४४.७ अंशांजवळ धातुरूप लोहाचे शिखर दिसले तरच तसा दावा करा. चहातले पॉलिफेनॉल बहुधा फेरिकला (तीन-संयुजी लोहाला) फेरसपर्यंतच (दोन-संयुजी रूपापर्यंतच) आणतात.

मग मात्रेचा हिशेब चुकतो. धातुरूप लोह धरले तर १ मिलिग्रॅम क्रोमियमला सुमारे १.०७ मिलिग्रॅम लोह पुरेल असे वाटते, पण लोह फेरस असेल तर ३.२ मिलिग्रॅम लागते. शिवाय पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजनही, दर मिलिग्रॅममागे ७ मिलिग्रॅम फेरस खातो. नायट्रेट असेल तर तेही आधी मोजून ठेवा.

सर्वात फसवी चूक चाचणीत होते. डायफिनाइलकार्बाझाइड या रंग-चाचणीसाठी (हेक्साव्हॅलंट क्रोमियम मोजण्यासाठी) नमुना आम्लयुक्त केला की उरलेले पॉलिफेनॉल परीक्षानळीतच हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे ट्रायव्हॅलंटमध्ये क्षपण करतात. ५४० नॅनोमीटरवर वाचन जवळपास शून्य, आणि अहवालात ‘९९ टक्के निर्मूलन’! प्रक्रिया केलेल्या नमुन्यात माहीत मात्रेचे हेक्साव्हॅलंट क्रोमियम घालून ते पुरे परत मिळते का, ते पाहा. नुसत्या काढ्याचाही वेगळा ब्लँक (तुलनेसाठीचा कोरा नमुना) चालवा. एकूण क्रोमियम एएएस किंवा आयसीपीवर (धातू मोजणाऱ्या यंत्रांवर), गाळलेल्या आणि न गाळलेल्या दोन्ही नमुन्यांत मोजा : ट्रायव्हॅलंट झालेले क्रोमियम काढ्यातल्या सेंद्रिय रेणूंना चिकटून विरघळलेलेच राहू शकते, मग ते गाळात बसत नाही.

डिस्टिल्ड पाण्यातल्या निकालावर विसंबू नका. फेरिक क्लोराइडमुळे बीकरमधला सामू बराच खाली येतो, तिथे अभिक्रिया झपाट्याने होते. बायकार्बोनेट असलेल्या सात-आठ सामूच्या विहिरीच्या पाण्यात ती मंदावू शकते. त्याच विहिरीचे पाणी आणि तिथलीच माती भरलेला कॉलम (उभी नळी) आधी चालवा.

जमिनीत सोडताना काढ्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचे माप) मोजा. उरलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, ऑक्सिजन संपतो, मातीतले मँगनीज आणि आर्सेनिक सुटू लागतात, बोअरची जाळी चिकट थराने बुजते. म्हणून निरीक्षण विहिरींत क्रोमियमबरोबर या दोन्ही मूलद्रव्यांची आणि लोहाचीही तपासणी इंजेक्शनच्या आधीपासून सुरू ठेवा.