छोटं इंटरनेट रेडिओ स्टेशन काढताय? आधी रॉयल्टीचं गणित मांडा

माइक कुठला घ्यायचा, सर्व्हर कुणाचा, लोगो कसा, यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि रॉयल्टीकडे बघतात ते बिल आल्यावर. हे उलट करा प्लीज. खाली सगळे नियम अमेरिकेतले आहेत, कारण हा खेळ सगळ्यात जास्त तिथेच गाजलाय.

पहिली गोष्ट, प्रत्येक गाण्याचे पैसे दोन ठिकाणी जातात. गीतकार-संगीतकारांचे ॲस्कॅप, बीएमआय, सेसॅक, जीएमआर या त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांकडे, आणि रेकॉर्डिंगचे साउंडएक्सचेंज या तशाच संस्थेकडे (त्यातले निम्मे रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांच्या फंडाला). तिथलं एफएम स्टेशन हवेतून गाणं वाजवताना रेकॉर्डिंगचा एक सेंटही देत नाही, तेच गाणं नेटवर वाजवलं की द्यावा लागतो. मला हे अजिबात पटत नाही, पण कायदा असाच आहे.

आता मीटर कसा पडतो बघा. एक गाणं एका श्रोत्याने ऐकलं की एक परफॉर्मन्स, मग त्याने थोडंसंच ऐकून बंद केलं तरी तो मोजला जातो. २०२१ मध्ये फुकट ऐकवणाऱ्या कमर्शियल स्टेशनला दर होता परफॉर्मन्समागे ०.००२१ डॉलर, आणि पुढे तो महागाईप्रमाणे वाढत गेला. आकडा चिल्लर वाटतो ना? तासाला १५ गाणी, चोवीस तास, सरासरी १०० श्रोते धरा, तीस दिवसांचे १० लाख ८० हजार परफॉर्मन्स होतात म्हणजे महिन्याला २,२६८ डॉलर, आणि तेही फक्त रेकॉर्डिंगचे. वर्षाची मिनिमम फी चॅनेलमागे १,००० डॉलर होती, ती याच हिशोबात वळती होते, पण सरासरी साडेतीन-चार श्रोत्यांतच संपते! एफएमला श्रोते वाढले की खर्च तोच राहतो, इथे तुम्ही जितके लोकप्रिय तितकं बिल मोठं, आणि जाहिराती त्या वेगाने येत नाहीत.

आधी छोट्यांना उत्पन्नाच्या टक्क्यांत पैसे भरायची सोय होती. २००७ मध्ये हे दर ठरवणाऱ्या सरकारी कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने परफॉर्मन्सप्रमाणे वाढीव दर लावले तेव्हा २६ जूनला कितीतरी नेट स्टेशन्सनी निषेध म्हणून दिवसभर संगीत बंद ठेवलं, मग २००९ मध्ये तडजोड होऊन छोट्यांना पुन्हा टक्क्यांत भरता यायला लागलं. ती सोय २०१५ अखेर संपली आणि जानेवारी २०१६ मध्ये हजारो छोटी स्टेशन्स होस्ट करणारं लाइव्ह३६५ बंद पडलं (२०१७ मध्ये नव्याने सुरू झालं).

मग करायचं काय? सगळ्यात मोठा फरक पडतो तो स्टेशन कुठल्या गटात बसतं यावर. करमुक्त ना-नफा संस्था असेल तर त्याच १,००० डॉलरमध्ये चॅनेलमागे महिन्याला १,५९,१४० श्रोता-तास (एका श्रोत्याने एक तास ऐकलं की एक) बसत होते, म्हणजे चोवीस तास सरासरी २२० श्रोते. नुसतं 'मी कमाई करत नाही' म्हणून भागत नाही, कागदोपत्री संस्था लागते, पण चार-पाच मित्र मिळून स्टेशन चालवत असाल तर ही धडपड नक्की करा.

ते जमत नसेल तर तासाची गाणी कमी करा. गप्पा, मुलाखती, गाण्यामागची माहिती यांना रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही, १५ ऐवजी ९ गाणी वाजवली तर बिल थेट ४० टक्क्यांनी उतरतं आणि स्टेशनला स्वतःचा आवाजही मिळतो. पाऊण तासाचं शास्त्रीय रेकॉर्डिंग एकच ट्रॅक असेल तर परफॉर्मन्सही एकच. चालू ठेवून निघून गेलेल्यांसाठी 'अजून ऐकताय का' असं विचारून स्ट्रीम थांबवा, त्यांचेही पैसे तुम्हीच भरताय. आणि स्वतःच्या रेकॉर्डिंगचे हक्क स्वतःकडेच असलेल्या नव्या कलाकारांकडून थेट लेखी परवानगी घ्या, बरेच जण आनंदाने देतात, फक्त रचनेचे, म्हणजे गीत-संगीताचे, हक्क कुणाकडे आहेत तेही त्याच कागदात लिहून घ्या.

साउंडएक्सचेंजला पैसे भरून जे रेकॉर्डिंग वाजवायचं लायसन्स मिळतं त्याच्या अटी मोडू नका, तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, एका अल्बमची तीनपेक्षा जास्त नाहीत, कुठलं गाणं कधी लागणार ते आधी जाहीर करायचं नाही. हे लायसन्स अमेरिकेतल्या श्रोत्यांपुरतंच आहे, बाकी देशांतल्यांसाठी तिथली परवानगी घ्या नाहीतर तिथे स्ट्रीम ब्लॉक करा. काय वाजलं आणि किती जणांनी ऐकलं याचा लॉग पहिल्या दिवसापासून ठेवा, रिपोर्ट मागाहून आठवून भरता येत नाही. आणि हे सगळं झेपणार नसेल तर लायसन्ससकट होस्टिंग देणाऱ्या सर्व्हिसेस असतात, पण त्यांच्या करारात कुठले देश आणि किती श्रोता-तास धरलेत ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.